हरलेल्या बाईंचे पेढे

एका हरलेल्या बाईंच्या विजयाचे पेढे मी वाटले आहेत. त्याही साध्यासुध्या हरलेल्या नव्हेत, सगळ्यांत शेवटच्या आलेल्या. बाई इंग्लंडच्या, पेढे इथल्या करामा भागातल्या दुकानातले, आणि वाटप दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या एकविसाव्या मजल्यावर. तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची होते, म्हणजे आजच्या मानाने अगदीच अल्लड. नुकताच स्मार्टफोन वापरता येऊ लागला होता आणि जगातली कुठलीही बातमी आपल्यालाच आधी कळते असा समज झाला होता. पण माझ्या मूर्खपणाकडे वळण्याआधी आमच्या व्याह्यांबद्दल सांगायला हवं, कारण एवढा मोठा मूर्खपणा मला एकटीला झेपणारा नव्हता.

आमचे व्याही म्हणजे सुनेचे वडील. निवडणुकीत त्यांच्याइतका जीव गुंतलेला आणि जन्मात एकदाही मत न दिलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. गुहागरच्या बाजूचं गाव सोडून ते आखातात आले तेव्हा त्यांचं मतदानाचं वयही झालेलं नव्हतं. पुढे सगळी हयात शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका गॅरेजच्या स्टोअरमध्ये गेली. इथे परक्या माणसाला मत नाही, त्याची त्यांना तक्रारही नव्हती. गावी जायचे ते गणपतीला, आणि गणपतीत कधी मतदान आलं नाही. पुढे तर यादीतलं नावही कोणीतरी काढून टाकलं. मी स्वतः डोंबिवलीत दर वेळी बोटाला शाई लावून आले आणि कोणाला मत दिलं ते संध्याकाळपर्यंत विसरले. व्याह्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी भरलं ताट मोरीत ओतलं.

तर हा मनुष्य जीव लावून बसला होता तो कुठल्या निवडणुकीला? इंग्लंडमधल्या एका बरोच्या. बरो म्हणजे तिकडची नगरपालिका समजा. लंडनच्या कडेला कुठेतरी आहे. नाव सांगून उपयोग नाही, कारण व्याहीबुवांच्या तोंडून ते ऐकलं तर तिथल्या महापौरालाही आपलं गाव ओळखता आलं नसतं. त्यांचा मुलगा तिथे नोकरीला. व्याही स्वतः तिथे कधीच गेले नव्हते. पण त्या गावाचे वॉर्ड, त्यांच्या हद्दी, कुठल्या गल्लीत कचऱ्याचा निळा डबा कुठल्या वारी नेतात, कुठलं वाचनालय बंद पडायच्या बेतात आहे, हे त्यांना तोंडपाठ. शारजातल्या त्यांच्या खोलीत देवांच्या तसबिरीशेजारी त्या बरोचा रंगीत नकाशा होता. गॅरेजातली कोकणातली पोरं आधी समजायची, काकांनी तिकडे जमीन घेतली.

तिकडच्या कौन्सिलच्या सभा इंटरनेटवर दिसतात. त्या हे गृहस्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचे. एकदा मी आणि सून अवचित त्यांच्या खोलीवर गेलो, तर हे इस्त्रीचा शर्ट खोचून, भांग पाडून लॅपटॉपसमोर ताठ बसलेले. मला वाटलं, पासपोर्टचा फोटो काढतायत. पाहते तो पडद्यावर आठ-दहा गोरी माणसं एका नाल्याबद्दल चर्चा करतायत आणि त्यातली दोन झोपलीयत. "विहीणबाई, जरा थांबा," व्याही हळू आवाजात म्हणाले, "ठराव मताला टाकतायत." आणि तिकडच्यांनी हात वर केले तेव्हा यांचाही हात खांद्यापर्यंत आला होता. मला पाहून त्यांनी तो तसाच डोक्यावर नेला आणि खाजवला.

शारजातलं गॅरेज शुक्रवारी बंद, म्हणून दर शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला असत. जेवणाचं टेबल म्हणजे त्यांचं सभागृह. लोणच्याची बरणी सत्ताधारी, मिठाची बाटली विरोधी पक्ष, पापडाचा डबा म्हणजे काठावरचे. कोण कोणाकडे सरकणार ते सरकवून दाखवत. मला खरं सांगायचं तर याचा फार शीण यायचा. बाहेर मे महिन्याचं ऊन काचेवर आदळत असायचं, आत वरणभात निवत असायचा आणि आम्ही कधीही न पाहिलेल्या गावाचं बहुमत मोजत असायचो. एकदा कंटाळून मी बरणी उचलली आणि लोणचं वाढून घेतलं. व्याही गंभीरपणे म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही सरकार पाडलंत."

"बरं झालं," मी म्हटलं, "आता मिठाची बाटली द्या. वरणात कमी आहे."

या सगळ्यात एक चटणीची वाटी होती. ती म्हणजे बाई. या बाई कुठल्याच पक्षाच्या नव्हत्या. वय माझ्याएवढं, केस कापसासारखे, आणि मुलाच्या वॉर्डात दर निवडणुकीला उभं राहायचं आणि न चुकता शेवटचं यायचं, हा त्यांचा नेम. व्याह्यांची निष्ठा त्यांच्यावर जडली त्याचं कारण असं. मुलाच्या घराजवळचा बसथांबा त्यांनी नकाशातल्या फोटोंत पाहिला. तिथे बसायला बाक नव्हता. त्यांनी वॉर्डातल्या आजीमाजी सगळ्या उमेदवारांना ईमेल पाठवली, की म्हाताऱ्या माणसांनी बसची वाट उभं राहून पाहायची का. बाकी कोणी दाद दिली नाही. या बाईंनी दोन ओळींचं उत्तर धाडलं, की मी स्वतः जाऊन पाहिलं, तुम्ही म्हणता ते खरं आहे, बाक नाही. झालं. बाक आजतागायत झालेला नाही, पण व्याही कायमचे बाईंचे झाले. "मी इतकी वर्षं इतक्या लोकांना लिहिलं, विहीणबाई," ते म्हणायचे, "जाऊन पाहिलं म्हणणारी ही एकटीच." गॅरेजात 'काकांची इंग्लिश बाई' म्हणून बरीच चर्चा झाली. व्याही विधुर, त्यामुळे चर्चेला रंगही चढला. एका पोराने तर लग्न कुठल्या पद्धतीने होणार तेही विचारलं.

मी मेली तेव्हा फार टर उडवायची. एकदा सुनेसमोरही बोलले, "तुझ्या बाबांना स्वतःचं गाव राहिलं नाही, म्हणून दुसऱ्याचं दत्तक घेतलंय." सून कणीक मळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आई, त्यांना दादाशी बोलायला काहीतरी लागतं. दुसरं काय बोलणार?"

मग मी त्यांचे फोन जरा कान देऊन ऐकू लागले. तोपर्यंत नुसतेच ऐकत होते. जेवणानंतर ते मुलाला फोन लावायचे आणि फोन टेबलावर ठेवायचे, म्हणजे आम्हालाही त्याचा आवाज यावा.

"काय रे, मंगळवारी निळा डबा नेला का?"

"हो बाबा."

"आणि कोपऱ्यावरच्या रस्त्याचं काम?"

"चाललंय बहुतेक."

"बहुतेक कसं? ते गेल्या आठवड्यात संपलं."

"मग संपलं असेल. बाबा, ठेवू का? बाहेर निघालोय."

मुलगा वाईट नव्हता. तो रांगत होता तेव्हाही वडील इकडेच होते. पुढे वर्षाकाठी एक महिना, सेंटच्या बाटल्या आणि चॉकलेटं घेऊन एक पाहुणा यायचा, त्याला बाबा म्हणायचं, एवढंच त्याला ठाऊक. अशा माणसाने मोठेपणी फोनवर 'कसा आहेस' विचारलं तर 'ठीक' यापलीकडे काय सांगणार? 'ठीक' म्हटलं की फोन संपला. निळ्या डब्याने तो निदान चार वाक्यं तरी लांबायचा.

तर त्या वर्षी निवडणूक आली. तिकडे राहणाऱ्या माणसाला आपला पासपोर्ट असला तरी नगरपालिकेला मत देता येतं, हा शोध व्याह्यांनी आधीच लावला होता. म्हणजे घरात एक मत होतं, आणि ते वर्षानुवर्षं वाया जात होतं. कारण मुलाने ते कधी दिलंच नव्हतं. महिनाभर दर शुक्रवारी एकच विषय.

"या वेळी जाऊन ये. बाईंना मत दे."

"बघतो बाबा."

"बघतो नको. शाळा तुझ्या घरासमोर आहे, तिथेच केंद्र आहे. चप्पल घालून गेलास तरी चालेल."

"बाबा, माझ्या एका मताने काय होणार आहे?"

व्याह्यांनी चटणीची वाटी जराशी फिरवली. "काय होतं ते मला सांगता यायचं नाही," ते म्हणाले. "मी कधी दिलेलं नाही."

मग मुलगा म्हणाला, "ठेवू का?"

गुरुवारी तिकडे मतदान झालं. शुक्रवारी दुपारी निकाल. व्याही नेहमीप्रमाणे आले, जेवले मात्र चिमणीएवढं. निकाल त्यांना स्वतःला पाहता आला असता, त्यांच्याइतकं त्या वेबसाइटवर तिच्या मालकानेही पाहिलं नसेल. पण त्यांनी मुलाला बजावलं होतं, निकाल तूच पाठव. वाट पाहून पाहून सोफ्यावर त्यांचा डोळा लागला. फोन माझ्या हवाली होता. "आला की उठवा, विहीणबाई."

फोन टिंग वाजला. मी उघडला. वॉर्डाच्या निकालाचा फोटो होता, आणि यादीत सगळ्यांत वर बाईंचं नाव. त्या नावाची अक्षरं मी व्याह्यांच्या कृपेने इतक्यांदा पाहिली होती की झोपेतही ओळखली असती. आता आमच्या पिढीला एक माहीत. निकालाच्या यादीत वर असतो तो पहिला. शाळेत भिंतीवर यादी लागायची, आपण वरून खाली शोधत जायचं, आणि माझं नाव सापडेपर्यंत मान दुखायची. बाई वर, म्हणजे बाई पहिल्या. पुढे आकडे होते, खाली इंग्रजीत एकदोन ओळी होत्या, पण त्यांना चष्मा लागला असता आणि चष्मा आतल्या खोलीत होता. एवढ्या आनंदात आतल्या खोलीत कोण जातं?

फ्रिजमध्ये नातीच्या दहावीच्या निकालाचे पेढे होते. ते घेऊन मी आधी मजल्यावर निघाले. समोरच्या मल्याळी बाईंना दिले, लिफ्टपाशी गुरखा उभा होता त्याला दिला. "हमारी बाई जीत गयी," मी म्हटलं. "कौनसी बाई, आंटी?" "इंग्लंडवाली." तो म्हणाला, "अच्छा, उधर चली गयी? अच्छा हुआ, पगार अच्छा मिलेगा." मी म्हटलं, इन्शाल्ला, आणि परत येऊन व्याह्यांना हलवलं.

"उठा, तुमच्या बाई आल्या. पहिल्या आल्या."

ते उठले. चष्मा लावला. फोन हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत राहिले. मी पेढा पुढे धरून उभी. मला वाटलं, माणसाचा विश्वास बसत नाहीये. मग त्यांनी पेढा घेतला आणि अगदी सावकाश, डोळे मिटून खाल्ला. "आणखी एक द्या," म्हणाले. मधुमेह असलेला माणूस. मी दिला.

ते शारजाला गेल्यावर नात आली. तिने रिकामा डबा पाहिला, मग मी माझ्याकडे धाडून ठेवलेला फोटो पाहिला. "आजी, इट्स अल्फाबेटिकल," ती म्हणाली. "शी केम लास्ट. लूक अॅट द नंबर्स. अँड दोज वेअर माय पेढे."

त्या दिवसापासून आमच्या घरात गुप्तता सुरू झाली. मी सगळ्यांना शपथ घातली, कोणी विषय काढायचा नाही. लेक म्हणाला, "आई, ते सभा बघतात. त्यात बाई दिसणार नाहीत तेव्हा?" मी म्हटलं, "तेव्हाचं तेव्हा." पण व्याहीही काही बोलेनात. शुक्रवारी यायचे, जेवायचे, बरणी जागच्या जागी राहायची. फोन मात्र लांबू लागले होते. कधी कधी तर ते फोन घेऊन बाल्कनीत जायचे आणि आम्ही ताटं उचलून, ओटा पुसून, चहा टाकला तरी आत यायचे नाहीत. मला वाटायचं, माझ्यामुळे फसले आणि आता आमच्यासमोर बोलायची चोरी झाली.

हिवाळ्याच्या तोंडाला त्यांची नोकरी संपली. व्हिसाही संपला. सुनेने खूप आग्रह केला, पण ते गावी जायचं म्हणाले. आता तिकडेच असतात. शुक्रवारी टेबलावर मी लोणच्याची बरणी हवी तशी फिरवते, कोणाचं काही पडत नाही, आणि जेवण लवकर उरकतं. ते गेले त्या दिवशी विमानतळावर सोडायला मी हट्टाने गेले. नकाशाची सुरळी त्यांच्या काखेत होती. सून ट्रॉली आणायला गेली तेवढ्यात मी सांगून टाकलं, की माझं चुकलं, त्या दिवशी बाई आल्या नव्हत्या, मी तुम्हाला फुकटचे पेढे खायला घातले.

त्यांनी सुरळी या काखेतून त्या काखेत घेतली. म्हणाले, "विहीणबाई, यादी आडनावांच्या क्रमाने असते हे मला माहीत होतं, आणि बाई शेवटच्या आल्यात हे चष्मा लावल्याबरोबर दिसलं होतं. पण फोटोखाली पोरानं लिहिलं होतं, बाबा, चप्पल घालून गेलो आणि तुमच्या बाईंना मत देऊन आलो. पेढा मी त्याचा खाल्ला."