उत्तर मोठ्याने म्हणा

माझ्या शेजारणीला दुकानात सगळे टाचणी म्हणतात. मोठ्या कापडदुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती विकलेले कपडे गिऱ्हाइकांच्या मापाचे करून देते. दिवसभर ओठांत टाचण्या धरलेल्या, त्यामुळे हुंकारापलीकडे तिच्याकडून काही निघत नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरी एकच लेक, कॉलेजात जाणारी, आणि ती घरी असली की तिच्या खोलीचं दार लावलेलं.

आमच्या दोघींच्या घरांमधली भिंत नावालाच भिंत. गेल्या वर्षी तिच्यातून संध्याकाळचं दोन बायकांचं बोलणं ऐकू यायला लागलं. मला वाटलं, चला, बाईला मैत्रीण मिळाली एकदाची. मग एके दिवशी त्यातला ठसठशीत आवाज म्हणाला, "आता उत्तर मोठ्याने म्हणा," आणि आमची टाचणी म्हणाली, "अन्ननलिका, बाई." तेव्हा मात्र मला राहवेना. जाऊन विचारलंच.

लग्नापायी सुटलेली शाळा ती घरबसल्या अभ्यासक्रमातून पुरी करत होती. धडे फोनवर यायचे, रेकॉर्ड केलेले. त्यातल्या बाई प्रश्न विचारून थोडं थांबायच्या, तेवढ्यात उत्तर द्यायचं. मग बाई म्हणायच्या, "शाब्बास!" उत्तर चुकलं तरी शाब्बासच, कारण बिचाऱ्या बाईंना ऐकू कुठे येतंय! मी हसले. टाचणी नाही हसली. "मावशी, मला कोणी काही विचारतं, असं फक्त तेव्हाच होतं," ती म्हणाली. मी घरी आले.

दुकानातल्या शिवणखोलीचे मास्तर निवृत्त व्हायचे होते. त्यांची जागा टाचणीला द्यायला मालक तयार होते, पण शाळा पास झाल्याचं प्रमाणपत्र हवं, यावर अडून बसले होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या पँटींचे पायचे दुमडण्यात गेला, आता तरी खुर्चीत बसायला मिळावं, एवढंच तिचं म्हणणं. बाकीचे पेपर सुटले होते. विज्ञानाचा तेवढा राहिला होता.

त्या पेपराला मी सोबत गेले. लेकीचा तास होता म्हणे. असतात बाई तास! मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. वर्गात चिडीचूप. आणि त्या शांततेत एकदम खणखणीत आवाज आला, "मूत्रपिंड, बाई!"

मी कपाळाला हात लावला. वर्गात खसखस पिकली, आणि मागच्या बाकांवरच्या पोरांनी पटापट मूत्रपिंड लिहून टाकलं. पर्यवेक्षकांनी तिला दम दिला. तिने माफी मागितली, रुमाल तोंडाशी धरला. पण सवय ती सवय. प्रश्न वाचला की उत्तर जिभेवर यायचं, आणि तिच्या जिभेवर आलेलं आवरायला टाचण्या थोड्याच होत्या! थोड्या वेळाने "बाष्पीभवन" ऐकू आलं. मग तिची उत्तरपत्रिका काढून घेतली आणि तिला केंद्रप्रमुखांच्या खोलीत नेलं. तिच्या मागोमाग मीही घुसले.

"इतरांना उत्तरं सांगता?" प्रमुख कडाडले. "हा पेपर रद्द होईल, शिवाय पुढे बसायलाही मिळणार नाही."

"घरी असाच अभ्यास करते हो साहेब," एवढंच तिला कसंबसं बोलता आलं.

"घरी विचारू मग," असं म्हणत त्यांनी प्रवेशपत्रावरचा नंबर लावला. नंबर लेकीचा. फोनचा आवाज मोठा ठेवला होता, आम्ही सगळ्यांनीच ऐकलं.

"तुमच्या आई घरी मोठ्याने बोलत अभ्यास करतात का?"

"आई?" लेक म्हणाली. "नाही हो. आई घरी बोलतच नाही."

प्रमुखांनी भुवया उंचावल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "मला विचारा! मी भिंतीपलीकडे राहते. अन्ननलिकेपासून गुरुत्वाकर्षणापर्यंत सगळं विज्ञान माझं पाठ झालंय. या वयात! कोणतीही संध्याकाळ विचारा." आणि त्या रेकॉर्डवाल्या बाईंची नक्कलही करून दाखवली, शाब्बाससकट. प्रमुखांना हसू आवरेना. त्यांनी उत्तरपत्रिका परत दिली, एक रिकामी खोली उघडून दिली, गेलेला वेळही भरून दिला. तिथे टाचणीने मन मानेल तितक्या मोठ्याने बोलत पेपर लिहिला.

पुढे ती पास झाली आणि मास्तरांच्या खुर्चीत बसली, हे आत्ताच सांगून टाकते. पण मला राहून राहून आठवतं ते त्या दिवशीचं घरी येणं. मी तणतणत होते. "येऊ दे कार्टीला घरी. खडसावतेच! आईचं वर्ष बुडालं असतं तिच्यापायी."

"नका हो मावशी," टाचणी म्हणाली. "ती खोटं नाही बोलली."

"मग मी काय भिंतीशी कान लावून स्वप्नं बघत होते?"

रस्ता ओलांडून झाल्यावर ती म्हणाली, "मी तोंड उघडलं की ती म्हणते, आई, आत्ता नको. दमलेली असते पोर. म्हणून मी सगळं ती यायच्या आधी बोलून घेते."