शिवकांताची अट

दवाखान्यात जायचा शिवकांताला कधीच संकोच नव्हता. दुष्काळात रान कोरडं ठणठणीत पडलं तेव्हा ती जळकोटकडचं गाव सोडून उदगीरच्या दालमिलमध्ये कामाला लागली, आणि तुरीच्या धुळीनं तिला दमा जडला. तेव्हापासून दम लागला की कॅज्युअल्टी गाठायची, वाफ घ्यायची, सिंधु सिस्टरची बोलणी खायची नि चहा पिऊन घरी यायचं. "आलीस का माहेराला?" सिस्टर विचारायची. गल्लीतले लोक उदगीर नवा जिल्हा होईल, मोठा दवाखाना येईल म्हणून वाट बघत होते. हिला आहे तोच पुरत होता.

कोरोना आला आणि ते माहेर तुटलं. शेजारचा गुरुपादप्पा लातूरच्या दवाखान्यात नेला, तो तिकडंच वारला. लिंगायत माणूस, पण बसवून माती देता आली नाही. प्लास्टिकात गुंडाळून परस्पर जाळला. हातात इष्टलिंग देऊन आपल्याला मातीत बसवतील, एवढं तरी शिवकांतानं जन्मभर धरून ठेवलं होतं. मग दम लागला तरी ती घरात भिंतीला टेकून राहू लागली.

एका दुपारी तिचे ओठ निळे पडले. "अव्वा, चल दवाखान्यात," मुलगा बसवंत म्हणाला.

"न्हाई. जाळतेत तिथं. घरी मेले तर तू बसवशील की."

"गल्लीतलं एक माणूस हात लावायला यायचं न्हाई, अव्वा. खोकून मेली म्हणतेल. मी एकटा काय काय करू?"

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला भयंकर राग आला: रोगाचा, गल्लीचा, मुकाट गेलेल्या गुरुपादप्पाचासुद्धा. "गाडी काढ," ती म्हणाली.

कॅज्युअल्टीच्या दारात पांढऱ्या पोशाखातला डॉक्टर आडवा आला. वाफ बंद आहे, तिच्यानं रोग पसरतो, आधी तपासणी होईल, तोवर आडव्या व्हा, म्हणाला.

"आडवी व्हायची न्हाई मी." एकेका शब्दाला ती थांबत होती. "मेले तर बसवून माती देताव का?"

डॉक्टर खोटं बोलला नाही. "नाही. नियम आहे तसा."

"मग मला मरू बी द्यायचं न्हाई. माती देणं तुमच्या हातात न्हाई, तर जे हातात हाय ते करा."

"ही आमची नेहमीची आहे, डॉक्टर. जुना दमा," मागून सिंधु सिस्टर म्हणाली. मग बाकावरच तिला ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, नळकांडं जोडून दम्याचा पंप ओढायला लावला. संध्याकाळपर्यंत धाप ओसरली.

तपासणीचा निकाल येईतो संशयितांच्या वॉर्डात राहणं मात्र भाग होतं. सिस्टरनं चाकाची खुर्ची आत ढकलली. खाटांवर बाया छताकडं बघत निपचित पडल्या होत्या.

"उठून बसा गं," शिवकांता म्हणाली. "हितं मरायची सोय न्हाई. मी आत्ताच डॉक्टरला विचारून आले."