गणपत लोहारांचा ठसा

सुरा इतका चकचकीत होता की त्यात मला माझा चष्मा दिसला. मी तो टेबलावर ठेवला.

"पाहा मॅडम, नवाकोरा करून आणला," सुधाकर म्हणाला. त्याचं हिंगणघाटला भाजीचं दुकान आहे. शेजारी त्याची आई, कांताबाई, वय ऐंशीच्या घरात. सुरा त्यांच्या वडिलांनी, गणपत लोहारांनी घडवलेला.

मी जुने शिकारी सुरे जमवते. न मिटणाऱ्या पात्याचे. कोणाचा, कधीचा, हे ओळखून देते. ओळख बहुतेक मुठीलगतच्या बोटभर जागेत असते. तिथे धार नसते. कारागीर तिथे आपला ठसा मारतो.

माझ्याकडचे दोन सुरे विकणाऱ्याने विलायती म्हणून दिले होते. मला ते पटलं नव्हतं. मुठीचे तांब्याचे खिळे हाताने ठोकलेले होते, कारखान्यातले नव्हते. दोन्हींवर अर्धवट ठसा: एक कमान, खाली दोन ठिपके. कांताबाई सांगायच्या, बाबांचा ठसा म्हणजे बैलाची शिंगं आणि तीन ठिपके. त्यांच्या सुऱ्यावर तो पूर्ण निघाला असता तर तिन्ही एकाच हातचे ठरले असते. वर्ध्यात जुन्या हत्यारांचं प्रदर्शन होतं. तिथे सुऱ्यांपुढे मी लिहिलेल्या कार्डावर गणपत लोहारांचं नाव आलं असतं. त्यांचा फोटो नाही. नाव कुठल्या कागदावर नाही.

"मशीनचं पॉलिश काऊन मारलं?" मी विचारलं.

"तुमीच तं म्हणलं फोनवर, ठसा साफ दिसला पाह्यजे. म्हून भांडेवाल्याकडे नेला. त्यानं मशीनवर दोनदा घासला."

म्हटलं होतं खरं. सुधाकरने आधी पाठवलेल्या सुऱ्याच्या फोटोत गंजाखाली काहीतरी दिसत होतं, पण फोटो हललेला होता. नीट फोटो काढा, एवढंच मला सांगायचं होतं. सांगितलं भलतंच.

मुठीलगतची जागा घासून गुळगुळीत झाली होती, तरी भिंग लावलं. टॉर्च आडवी धरली. खोल ठशाची सावली कधी कधी उरते. उरली नव्हती.

"मूठ काढून पाहू का? आतल्या पट्टीवरही एखादेवेळी ठसा असतो."

"काढा," कांताबाई म्हणाल्या.

सांबरशिंगाची मूठ न फोडता काढायला दोन तास लागले. आत नुसता गंज.

"मंग तुमच्याजवळचे माह्या बापाचे नाईत?"

"असतील, आजी. खिळे सारखे आहेत. पण तसे खिळे तेव्हा दुसरेही लोहार ठोकत असतील."

"नाव लिहाले काय जाते तुमचं?"

"अंदाजाने लिहिलं तर बाकीच्या कार्डांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही."

"तुमच्या कार्डांचं तुमी पाहा बाई," त्या म्हणाल्या. पण सुरा प्रदर्शनापुरता ठेवून गेल्या.

प्रदर्शनाला त्या आल्या. त्यांना वाचता येत नाही. तिन्ही सुऱ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि कार्डावर बोट ठेवलं.

"काय लिवलं?"

"घडवणारा अज्ञात."

"म्हंजे?"

"कोण ते माहीत नाही."

"मले मालूम हाय ना," त्या म्हणाल्या. मग सुधाकरला म्हणाल्या, "चाल."

आता फोनवर माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: वस्तू पुसू नका, आहे तशी आणा. लोक ऐकतात. शिंगांचा ठसा असलेला सुरा मात्र अजून कोणी आणलेला नाही.