काकूंची मायनॉरिटी

कंपनीत परदेशी पाहुण्यांपुढे इंग्रजीतून प्रेझेंटेशन द्यायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा साहेबांनी सल्ला दिला, "पुढाऱ्यांची भाषणं ऐका. पुढारी कुठल्याही देशाचा असो, सावकाश बोलतो आणि एकच गोष्ट तीनदा सांगतो."

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते आणि भोसरीत एका मूळच्या गावकरी कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. फर्स्ट शिफ्ट करून आले की गच्चीवर बसून मोबाइलवर भाषण लावायचे. परदेशातला एक पुढारी मला मानवला होता. त्याच्या भागातल्या दोन समाजांचं बिनसलं होतं आणि तो जाईल तिथे न्यायावर आणि सलोख्यावर बोलायचा.

घरमालकीण काकू वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला गच्चीवर येत. एकदा त्या थबकल्या.

"त्यो बाबा कुणावर चिडलाय?"

"चिडला नाही काकू. न्याय मागतोय."

"मंग बसते जरा," म्हणत त्यांनी मिरच्यांचं सूप बाजूला ठेवलं.

त्या दिवसापासून आम्ही दोघी शिकायला लागलो. काकूंना शब्द हवा असे तो घरातल्या उदाहरणासकट. ग्रीव्हन्स म्हणजे अन्याय झाल्यासारखं वाटून मनात साठलेली तक्रार, असं मी सांगितलं.

"हायती माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "फुडं."

मायनॉरिटी समजवायला मी म्हणाले, "समजा घरात दोन माणसं एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला. तर ते एक."

"म्हंजी मी."

डायलॉगवर मात्र त्या अडल्या. तो पिक्चरमध्ये असतो, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, "इथे त्याचा अर्थ दोघांनी समोरासमोर बोलणं."

"मंग ह्यो कवाधरनं एकटाच काय बोलतुया?"

मी घाईने पुढच्या शब्दावर गेले, जस्टिस म्हणजे न्याय.

काकूंच्या घरात त्या, मुलगा आणि सून एवढीच माणसं. सून तळवड्याच्या आयटी कंपनीत होती, बरेचदा घरूनच काम करायची आणि बहिणीशी फोनवर इंग्रजीत बोलायची. ते सगळं आपल्याबद्दलच असतं, अशी काकूंची खात्री होती. इंग्रजी शिकायची ओढ त्यातूनच लागलेली.

एका रविवारी मी काकूंचा डबा परत द्यायला खाली गेले. मुलगा पोहे खात होता, सून नुकताच फोन ठेवत होती. काकूंनी पदर खोचला.

"सूनबाई, आय हॅव ग्रीव्हन्स."

मुलाचा चमचा हवेतच राहिला. "काय म्हणालात, आई?" सुनेने विचारलं.

"ग्रीव्हन्स. मी ह्या घरात मायनॉरिटी हाय. मला जस्टिस पायजे."

"आई, हे तुला कुणी..." मुलगा बोलू लागला.

"तू गप. डायलॉग आमच्या दोघींचा हाय."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी डब्याचं झाकण नीट बसलंय का ते तपासत होते.

सून खुर्ची ओढून समोर बसली. "बोला आई. व्हॉट इज युवर ग्रीव्हन्स?"

"खलबत्ता," काकू म्हणाल्या. इथे त्यांचं इंग्रजी संपलं आणि पुढचं सगळं मराठीत झालं. नवं किचन केल्यापासून त्यांचा खलबत्ता जिन्याखाली गेला होता. सुनेला त्याची लाज वाटते, असं त्यांनी मनात धरलं होतं.

"लाज कसली? सकाळी माझी मीटिंग चालू असायची, तुम्ही कुटायला लागलात की पलीकडचे लोक विचारायचे, तुमच्याकडे बांधकाम काढलंय का?"

काकूंना हसू आवरेना. "आगं, मंग आदी सांगायचंस."

खलबत्ता मागच्या ओट्यावर ठेवायचा आणि मीटिंग संपल्याशिवाय कुटायचं नाही, असं ठरलं. मग सून म्हणाली, "आता माझी ग्रीव्हन्स. मी बहिणीशी बोलते ते तुमच्याबद्दल नसतं."

"मंग कुणाबद्दल आस्तं?"

"तुमच्या मुलाबद्दल."

मुलगा पोह्यांची ताटली घेऊन बाहेर गेला. काकू खुर्ची सुनेजवळ ओढून म्हणाल्या, "त्याच्याबद्दल काय काय म्हणायचं ते मला बी शिकव."

माझी शिकवणी त्या दिवशी सुटली. काकू आता गच्चीऐवजी सुनेशेजारी बसून शिकू लागल्या आणि तिचा हात धरून माझ्या बऱ्याच पुढे गेल्या. मुलगा घरात शिरला की दोघी इंग्रजीत काहीतरी कुजबुजत आणि तो बिचारा शर्टाला डाग पडलाय का बघत बसे.

माझं प्रेझेंटेशनही पार पडलं. आमच्या कारखान्यातल्या मशीन शॉप आणि पेंट शॉप या दोन समाजांत जुनी ग्रीव्हन्स आहे, असं मी बोलून गेले. पाहुणे हसले, पण त्यांना मुद्दा बरोबर कळला.

पुढच्याच आठवड्यात सासू-सून जोडीने वर आल्या. मी गच्चीच्या मधोमध दोरी बांधून कपडे वाळत घालायचे आणि कपड्यांचं पाणी मिरच्यांवर ठिबकायचं.

"वुई हॅव ग्रीव्हन्स," काकू म्हणाल्या. सून मागे हाताची घडी घालून उभी होती.

मी म्हटलं, "काकू, आपण डायलॉग करू."

"करू की," त्या म्हणाल्या. "आदी दोरी सोड."

मी दोरी सोडली आणि माझ्या खिडकीच्या गजांना बांधली.