परक्या कोर्टाचा कागद

इतकी वर्षं झाली, पण तो कागद काही मनातून जात नाही.

ऐंशीच्या आसपासचा दुष्काळ. उमरग्याजवळच्या एका गावात पाणीपुरवठा सोसायटीच्या विहिरीवरची मोटर रातोरात गेली. मी नवा फौजदार. कॉलेजात पत्रकं वाटून आलेला, गरिबांचं पाणी चोरणाऱ्यावर उसळून उठणारा. सोसायटीचे चेअरमन स्वतः ठाण्यात आले. "साहेब, आखातातून एक फिटर कालच आलाय. तिकडं जेलात होता म्हणं. आणखी कोण असणार?"

फिटरच्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली अरबी कागद सापडला. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले आमचे हवालदार अक्षरं लावत बसले. अर्थ मशिदीतल्या मौलवींनी सांगितला. चोरीबद्दल दीड वर्ष कैद. मी ते चावडीवर साऱ्या गावासमोर वाचून दाखवलं. काय गरज होती? काही नाही.

कोठडीत फिटर एकच बोलायचा. "भोगलं की साहेब ते. किती डाव भोगायचं? तिकडं वाळूत पडलो की ह्या हिरीचं पाणी आठवायचं. तिची मोटर म्या काढीन व्हय?"

त्याची बायको रोज चालत यायची, त्याच विहिरीचं, दोरानं शेंदलेलं पाणी तांब्यात घेऊन. "घोटभर द्या त्यास्नी. चार वर्सं वाट बघितली म्या." बाहेरचं काही आत द्यायचं नाही, हा नियम मी तिला ऐकवला.

हवालदार म्हणाले, "साहेब, पाणीच हाय. बॉम्ब न्हाय." मी त्यांनाही गप्प केलं. तांब्या परत गेला.

रिमांडला नेताना मी जुन्या शिक्षेमुळं जादा सजा देणारं कलम ठोकून दिलं. मॅजिस्ट्रेट साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "फौजदार, या कलमाला भारतातल्या कोर्टानं दिलेली शिक्षा लागते. ही चालत नाही. हा कागद बाजूला ठेवला, तर तुमच्याकडं काय उरतं?"

"घरात सापडलेला पाना, साहेब."

"फिटरच्या घरी पाना नाही तर काय तंबोरा सापडणार?"

कोर्ट हसलं. जामीन झाला.

चिडून मी पुन्हा विहिरीवर गेलो आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. नट जागेवरच गंजलेले. पाइप करवतीनं कापलेला. फिटर नट खोलतो, पाइप कापत नाही. मग गाव घोटभर पाण्याला महाग असताना ऊस कुणाचा हिरवा आहे, एवढंच बघायचं राहिलं होतं. मोटर चेअरमनच्या मळ्यात चालू सापडली, वर ताजा रंग. त्यांचा गडी दोन प्रश्नांत बोलला, "मालकांनी सांगितलं, म्या कापलं."

फिटर निर्दोष सुटला. पण त्याची बायको विहिरीवर आली की बाकीच्या बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. त्याला कुणी काम देईना. महिन्याभरानं दोघं उमरगा स्टँडवर हैदराबादच्या गाडीची वाट बघत बसलेली दिसली. मी कागद परत द्यायला गेलो.

"ठेवा साहेब," तो म्हणाला. "गावाला पाठ झालाय."

तिच्या मांडीवर तोच तांब्या होता. भरलेला, तोंडाला फडकं बांधलेलं.

कोर्टानं तो कागद एका मिनिटात बाजूला ठेवला. मी चावडीवर वाचलेला बाजूला ठेवायला कुठलं कोर्ट? आरोपीचं मागलं गावात वाचायचं नाही, हे पुढं प्रत्येक नव्या फौजदाराला मी बजावलं. अजूनही त्या स्टँडवर उतरलो की पत्र्याची पेटी घेतलेल्या माणसांकडं बघत राहतो. तो भेटावा. त्या विहिरीचं घोटभर पाणी माझ्या हातानं त्याला द्यावं.