आधी तोंड हुंगा

मोठ्या गुरुजींनी माझं नाव विचारण्याआधी माझ्या नाकाला काम लावलं. जानेफळकडच्या त्या खेड्यात मी असिस्टंट मास्तर म्हणून रुजू व्हायला गेलो, तेव्हा हे उंचेपुरे गृहस्थ शाळेच्या उंबरठ्याबाहेर उभे होते. स्वच्छ धोतर, काळा कोट, डोक्याला पागोटं. "नवे मास्तर तुमीच न? या. आधी माहं तोंड हुंगा." मी बुलडाण्याच्या एका कारकुनाचा पोरगा, नुकतंच मिसरूड फुटलेलं. थट्टा समजून हसलो. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी वाकून सरळ आ केला. "काही वास नाही," मी कसाबसा म्हणालो. तेव्हा कुठे त्यांनी चपला काढल्या आणि आत गेले.

गुरुजी संध्याकाळी मोहाची पीत. बायको गेल्यापासून पीत आणि कुणापासून लपवत नसत. "रात माही, दिवस पोराइचा," हा त्यांचा कायदा. सकाळी निंबाच्या काडीनं दात घासून, खळखळून चुळा भरून येत, पण लवंग, वेलदोडा, पान यांना शिवत नसत. "वास झाकला तर तुमी काय हुंगसान?" एकदा मी विचारलं, तुमचं तुम्हाला कळत नाही का? "पेलेल्या मानसाले सोताचा वास येत नाही, मास्तर. म्हणून तर तुमचं नाक."

महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या सकाळी मला नाइलाजानं सांगावं लागे की वास आहे. मग गुरुजी उंबरठा ओलांडत नसत. समोरच्या निंबाखाली बसून रजेचा अर्ज लिहीत, 'आज मी शिकवण्यास लायक नाही.' शाळा कमिटीचे पाटील कळवळून म्हणत, "गुरुजी, ताप हाये असं लिहा न जी!" "तापाची रजा तापासाठी हाये, पाटील." त्या दिवशी चारही वर्ग माझ्या बोडक्यावर. गुरुजी निंबाखालून ऐकत बसत आणि माझा पाढा चुकला की तिथूनच खाकरत.

तिसऱ्या वर्षी वरून ताकीद आली. असला आणखी एक अर्ज आला तर नोकरी जाईल. गुरुजींनी तो कागद मला वाचून दाखवला, घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवला. पुढच्याच महिन्यात डिपटी साहेब परीक्षेला यायचे होते, आणि नेमकी आदल्या दिवशी गुरुजींच्या बायकोची तिथी आली.

सकाळी गुरुजी उंबरठ्याशी आले. डोळे सुजलेले. वास मला उभ्या जागी आला. आत पोरं धुतलेले सदरे घालून बसली होती आणि गावच्या वाटेवर साहेबांची बैलांची दमणी दिसू लागली होती. मी म्हणालो, "काही नाही, गुरुजी."

"पक्कं न?"

"पक्कं."

माझ्या शब्दावर त्यांनी चपला काढल्या.

साहेब खुर्चीवर बसून पाहत होते. गुरुजी पहिलीतल्या सखूचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवायला वाकले. सखूचा बाप प्यायला की घरात मारझोड करायचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. गुरुजींचं तोंड जवळ येताच तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. साहेबांच्या काही ध्यानात आलं नाही. गुरुजींच्या आलं. ते सरळ झाले, पागोटं काढून टेबलावर ठेवलं. "साहेब, मी काल पेलो. वास अजून हाये. म्या वर्गात याले नाही पाह्यजे होतं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही तोंड उघडलं नाही, त्याची लाज मला आजही वाटते.

आपण होऊन कबूल केलं म्हणून साहेबांनी नोकरी ठेवली, पण हेडमास्तरकी काढून त्यांना रोहिणखेडच्या बाजूला एका लहानशा शाळेत पाठवलं. निघताना गाडीपाशी मला रडू आवरेना. "गुरुजी, मी तुम्हाला वाचवायला गेलो हो." त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. "मले मालूम हाये. पण तुमी मले वाचवत होते, तवा त्या पोरीकडं कोन पाहत होतं?" एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

बऱ्याच वर्षांनी मी त्यांना त्यांच्या शाळेत भेटायला गेलो. दारू त्या परीक्षेच्या दिवसापासून सुटली होती, पण उंबरठ्याशी थांबायची सवय सुटली नव्हती. मला पाहून म्हातारा हरखला. "आले का मास्तर!" म्हणत पोटाशी धरलं. मग जुन्या सवयीनं आ केला. मी हुंगलं. निंबाच्या काडीशिवाय कसलाच वास नव्हता.

"काही नाही, गुरुजी," मी म्हणालो. या वेळी ते खरं होतं.

गुरुजी मायेनं हसले, माझा खांदा थोपटला. मग आतल्या पहिलीतल्या एका पोरीला हाक मारली आणि तिच्यापुढं गुडघे टेकून पुन्हा आ केला. तिनं नाक जवळ नेऊन नीट हुंगलं.

"काहीच नाही जी, गुरुजी."

तेव्हा त्यांनी चपला काढल्या.