ब्रेकनं कुणाचं ऐकायचं

जळोचीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात तेव्हा दुधाचे कॅन वाहणाऱ्या इलेक्ट्रिक टेम्पोच्या ब्रेकच्या सॉफ्टवेअरचं काम चाललं होतं. त्या कामापुरती मी एक वेगळी भाषा तयार केली होती. तिच्यात 'जर असं झालं, तर ब्रेक धर किंवा सोड' एवढंच लिहिता यायचं, तेही मराठीत. त्यावरून गाडीतला कोड आपोआप तयार व्हायचा. पण नियम एकमेकांच्या विरुद्ध गेले, तर कोड मिळायचाच नाही.

ऑफिस चालवणाऱ्या सरांना ती भाषा आवडत नव्हती. त्यांनी आयुष्यभर हातानं कोड लिहिला होता, मलाही त्यांनीच शिकवलं होतं. "हात बांधल्यासारखं वाटतं," म्हणायचे.

डाळजचे एक दूधवाले तात्या गाडी बघायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी काम अडलं. पडद्यावर आलं: सीट रिकामी आणि ॲक्सिलरेटर दाबलेला असेल, तर एक नियम ब्रेक धरायला सांगतो, दुसरा सोडायला.

सर वैतागले. "सीटवर नसलेला माणूस ॲक्सिलरेटर दाबेल कसा? मी हातानं लिहून टाकतो."

"लिहा सर. पण आधी गाडीत बसून बघू."

कालव्याच्या भरावावर सर टेम्पो मागं घेऊ लागले. मी खाली उभी होते. मागचं चाक कुठवर आलंय ते दिसेना, म्हणून ते अर्धवट उठून दारातून बाहेर वाकले. गाडी कडेकडे सरकतच होती.

"सर, थांबा!" मी ओरडले.

त्यांनी करकचून ब्रेक दाबला. खाली उतरले तेव्हा चेहरा उतरला होता. "सीटवर माणूस आहे हे दाखवणारा दिवा विझला होता गं. आणि पाय तर ॲक्सिलरेटरवरच."

ऑफिसात येऊन त्यांनीच नियम लिहिला: सीट रिकामी असेल, तर ॲक्सिलरेटर दाबला तरी ब्रेक धर. लगेच कोड मिळाला.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी खुर्ची ओढून सगळे नियम वाचून काढले. "एकदम धरला तर कॅन कलंडत्यात की. हळूहळू धरता येत न्हाय व्हय?"

"येतं. पण गाडी थांबलीच पाहिजे," सर म्हणाले, आणि तसं लिहिलं.

पाण्यानं भरलेले कॅन चढवून आम्ही पुन्हा भरावावर गेलो. गाडी मागं घेताना सर मुद्दाम सीटवरून उठले. टेम्पो कडेच्या बराच अलीकडं थांबला, कॅन जागच्या जागी.

"आता चालतंय," तात्या म्हणाले.

पुढं स्टिअरिंगचं कामही याच पद्धतीनं करायचं सरांनीच ठरवलं. त्यात कोणते शब्द ठेवायचे, यावरून मात्र आमचं रोज वाजायचं.